मूळपुरुष आणि माकड

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काकांनी जिवापाड जपलाय. बारा पिढ्यांमागचा मूळपुरुष, त्याचे तीन मुलगे. एक गावातच राहिला, एक देवरुखला गेला, एक घाट चढून वर. हे सगळं पाठ असलेल्या काकांनी परवा घरच्या ग्रुपवर तो जुनाच प्रश्न टाकला : "माणूस माकडापासून झाला, तर आजची माकडं माणूस का होत नाहीत?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

मी लिहिलं, "काका, देवरुखकरांची मुलं आपल्या घरातली का होत नाहीत?"

ग्रुप शांत.

चूक काकांची नाहीच. 'माकडापासून माणूस' हे वाक्यच चुकीचं आहे. चिंपांझी आपला आजोबा नाही, चुलत भाऊ आहे. दोघांचा मूळपुरुष साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वीचा, आणि तो ना माणूस होता ना चिंपांझी. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली, आनुवंशिकता राहिली. म्हणजे नाक कुणावर गेलंय ते शिका, घराणं विचारू नका!

माझी आवडती भावकी मात्र व्हेलची. रंगा राव नावाच्या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञांना जम्मूतल्या कालाकोटला काही दात आणि जबड्याचे तुकडे मिळाले. त्यांनी १९७१ मध्ये त्या प्राण्याला नाव दिलं इंडोहायस. जीवाश्म असलेले बरेचसे दगड न फोडताच ते वारले. पुढे त्यांच्या पत्नीने ते दगड अमेरिकेतल्या थेविसेन या संशोधकाकडे सोपवले. तिथे साफसफाई करताना एक कवटी चुकून फुटली आणि आत कानाचं हाड दिसलं. त्याची आतली कड जाडजूड होती, अशी कड तोवर फक्त व्हेलच्या कुळात माहीत होती. २००७ मध्ये हे जाहीर झालं. मांजराएवढा, खुरांचा, ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी. हाडं जड, म्हणजे पाण्यात उतरून चालणारा. तोही व्हेलचा सख्खा आजोबा नव्हे, चुलत आजोबा. त्याच्या शाखेतलं आज कोणीच उरलेलं नाही. व्हेलचा हयात असलेला सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा. (हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघतात, पाणघोड्याकडे नाही.)

कुलवृत्तांतात अशा शाखेपुढे एकच शब्द असतो : निर्वंश. पृथ्वीवर आजवर झालेल्या बहुतेक सगळ्या प्रजातींपुढे तो लिहावा लागेल. निअँडरथल माणसापुढे आपण तो लिहूनही टाकला होता, सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी संपला म्हणून. मग २०१० मध्ये त्याचा जीनोम वाचला गेला आणि आफ्रिकेबाहेर पांगलेल्या माणसांत, म्हणजे तुमच्या-माझ्यातही, त्याचा एक-दोन टक्के डीएनए निघाला.

त्या रात्री काकांचं पुस्तक मागून आणलं. देवरुखच्या फांदीवर एका घरापुढे 'निर्वंश' लिहिलंय. आजीला फोन करून विचारलं. म्हणाली, "निर्वंश कसला? तीन मुली होत्या की त्यांना."