पाणी निर्जंतुक करणाऱ्या यूव्ही (अतिनील) दिव्याच्या निळ्या प्रकाशाबाबत खुलासा

‘यूव्ही दिवा निळा दिसतो तोवर पाणी निर्जंतुक असते, त्यामुळे कारखान्यात फिल्टर किंवा क्लोरीन लागत नाही’ हा सध्या फिरणारा संदेश चुकीचा आहे. जंतूंना निष्प्रभ करणारे सुमारे २५४ नॅनोमीटरचे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि साधारण ९,००० तासांनंतर दिवा तसाच उजळ भासला तरी त्यांची तीव्रता बरीच घटलेली असते, हे यूव्ही सेन्सरच्या नोंदींवरूनच कळते. दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या (पारदर्शक) नळीवर क्षारांचा पांढरा थर बसला किंवा पाणी गढूळ असले, तर पुरेसे किरण जंतूंपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून आधी गाळणी हवीच. शिवाय यूव्ही यंत्रातून पाणी बाहेर पडल्यानंतरच्या टाकीत आणि पाइपलाइनमध्ये या किरणांचा प्रभाव उरत नाही, त्यामुळे तिथे क्लोरीनचा विचार करावाच लागतो. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.