हातात किती पाहिजे?

पोरं पुण्याला, आईवडील त्यांच्याकडे राहायला गेलेले आणि जळगाव-भुसावळचं घर विकायला काढलेलं. सध्या घरोघरी हेच चाललंय. मग मला फोन येतो, "भाऊ, एक टक्क्यात काम करणारा दलाल बघ ना."

आपल्याकडे साधारण एक ते दोन टक्के चालतात, तेही दोन्ही बाजूंनी. कायद्याने दर ठरलेला नाही. रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, 2016 चा; त्याखालच्या राज्याच्या महारेरा प्राधिकरणाने एजंटांना परीक्षाही लावली, पण ते नोंदणी झालेल्या प्रकल्पांपुरतं. पिंप्राळ्यातलं जुनं रो-हाऊस विकताना सगळं तोंडीच.

पण टक्क्यावरून एवढी घासाघीस कशाला? 40 लाखांच्या घराला एक टक्का म्हणजे 40 हजार, दोन म्हणजे 80. आता गिऱ्हाईक 38 वर अडलं तर तुमचे दोन लाख जातात, दलालाचे तुमच्या बाजूचे फार तर चार हजार. तो कशाला ताणून धरेल? तो तुम्हालाच समजावणार, "दादा, मार्केट थंड आहे, देऊन टाका." त्यात समोरच्याकडूनही टक्का घेतोय, तर हा माणूस नेमका कुणाचा? फळं-भाजीपाल्यावरची शेतकऱ्याची आडत, म्हणजे बाजार समितीतली दलाली, 2016 मध्ये खरेदीदारावर गेली. घराच्या सौद्यात दोघांकडून कापतात आणि कुणी ब्र काढत नाही.

सगळ्यात वाईट प्रकार वेगळाच. "दलाली नकोच, तुम्हाला हातात किती पाहिजे ते सांगा, वरचे आमचे." आमच्या नात्यातल्या एका मावशींनी 32 सांगितले. खरेदीखत झालं 35 चं. पैसे मावशींच्या खात्यात आले आणि वरचे तीन लाख रोख काढून द्यायला लावले. म्हणजे साडेआठ टक्के दलाली, बिनपावतीची! कराचा हिशोब मात्र 35 वर. पावती असती तर दलाली नफ्यातून वजा झाली असती. सुनेने हे मांडून दाखवलं तर मावशी म्हणतात, "मले काय माहीत माय, 32 मागितले, 32 भेटले."

याउलट भुसावळला एक जण आहे, दोनच्या खाली येत नाही. पण आधी घराच्या मालकीचा उतारा मागतो. वडिलांचं नाव तसंच असेल तर वारसनोंद, बहिणींचं हक्कसोड, जुन्या कर्जाचा बोजा, हे सगळं निस्तरल्याशिवाय गिऱ्हाईक आणत नाही. त्याची दलाली अर्धी साठेखताला (विक्रीच्या कराराला), अर्धी खरेदीखत झाल्यावर. याला मी 80 हजार हसत देईन.

आणि हो, दलाली जीएसटी धरून की जीएसटी वेगळा, हे आधीच कागदावर घ्या. वेगळा निघाला तर 18 टक्क्यांनी त्या 80 चे 94,400 होतात, आणि मग दुय्यम निबंधकाच्या दारात भांडणं होतात.

धुळे-नंदुरबारकडे काय दर चाललाय? लिहा खाली.