ब्लिंक-१८२ सात वर्षं बंद नव्हता

ब्लिंक-१८२ हा अमेरिकन पॉप-पंक बँड २०१५ मध्ये बंद पडला आणि थेट २०२२ मध्ये परतला, असं सर्रास सांगितलं जातंय. ते चूक आहे. २०१५ मध्ये बाहेर पडला तो गिटारवादक-गायक टॉम डिलाँग. बँड चालूच राहिला. अल्कलाइन ट्रिओ या दुसऱ्या बँडचा मॅट स्किबा त्याच्या जागी आला, 'कॅलिफोर्निया' (२०१६) आणि 'नाइन' (२०१९) हे अल्बम निघाले. 'कॅलिफोर्निया' तर बिलबोर्डच्या अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला! ही वर्षं पुसून टाकणं हा स्किबावर सरळसरळ अन्याय आहे.

बँड खरोखर थांबला होता तो २००५ ते २००९. सप्टेंबर २००८ मध्ये ड्रमर ट्रॅव्हिस बार्कर विमान अपघातात गंभीर भाजला. त्या अपघातात चौघांचा जीव गेला. त्यानंतर अबोला धरलेले तिघे (डिलाँग, बार्कर आणि बेसवादक मार्क हॉपस) पुन्हा बोलू लागले आणि फेब्रुवारी २००९ मध्ये ग्रॅमीच्या मंचावरून त्यांनी पुनरागमन जाहीर केलं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालं ते फक्त डिलाँगचं परतणं. हॉपसला २०२१ मध्ये कर्करोग झाला, त्या काळात दोघांमधला दुरावा मिटला होता. तेव्हा 'जुने तिघे पुन्हा एकत्र' असं खुशाल लिहा, पण 'बंद बँड सुरू झाला' असं नको.