सव्वीस वर्षांचा नियम आणि करातील अवलंबित्व
अमेरिकेतील आरोग्यविम्यावरचा एक लेख वाचला; मुलगी नोकरीला लागून स्वतःचे कर विवरणपत्र भरू लागली की तिला आईवडिलांच्या आरोग्यविम्यातून वगळावे लागते, असा समज त्यातील एका वाक्यावरून होतो. अमेरिकेतील कायदा तसे सांगत नाही. २०१० च्या ‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’नुसार, ज्या पॉलिसीत मुलांचा समावेश करता येतो, तिथे तो २६ वर्षे पूर्ण होईपर्यंत द्यावाच लागतो, मग मूल विवाहित असो, दुसऱ्या राज्यात राहत असो किंवा करासाठी अवलंबित, म्हणजे पालकांच्या कर विवरणपत्रात त्यांच्यावर अवलंबून असल्याचे दाखवलेले, नसो. करातील अवलंबित्वाची वयोमर्यादा निराळी आहे: साधारणपणे १९ वर्षांखालील, आणि पूर्णवेळ विद्यार्थी असल्यास २४ वर्षांखालील.

खरी अडचण आरोग्य बचत खात्यात, म्हणजे वैद्यकीय खर्चासाठी करसवलतीने पैसे साठवण्याच्या एचएसएमध्ये येते, आणि तिकडे माझ्या परिचयातील बहुतेक मराठी कुटुंबांचे लक्षच नसते. विमा आईच्या नोकरीतून मिळालेला असला, तरी स्वतःच्या पगारावर जगणाऱ्या, अवलंबित नसलेल्या २५ वर्षांच्या मुलाचे दवाखान्याचे बिल आईच्या एचएसएमधून करमुक्त भरता येत नाही. ती रक्कम करपात्र ठरते आणि आई ६५ वर्षांखालील असल्यास त्यावर सहसा २० टक्के अतिरिक्त करही लागतो. अशा मुलाने, पात्र असल्यास, स्वतःचे खाते उघडावे. तसेच २६ व्या वर्षी पालकांचा विमा संपल्यावर मार्केटप्लेसमधून, म्हणजे याच कायद्याखालील सरकारी विमा बाजारातून, नवी पॉलिसी घेण्यासाठी ६० दिवसच मिळतात, हे लेखात ठळकपणे यायला हवे होते.