नागपुरात बसून समुद्र कसा नासवावा

समुद्र नासवायला समुद्रकाठी राहावं लागतं, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. आमच्या शेजाऱ्यांनी कधीच काढलाय. घरावर दुसरा मजला चढतोय आणि जुन्या भिंतींचा मलबा रात्री अकराला ट्रॉलीनं थेट मागच्या नाल्यात. परवा गच्चीवरून म्हटलं, "अहो, हे सगळं शेवटी समुद्रात जातं." तर म्हणे, "काय भाऊ, नागपुरात कुठं समुद्र आहे? कायले टेन्शन घेऊन राहिले?"

तेव्हा पहिला सल्ला: मलबा रात्रीच टाका.

दुसरा: नदीला नाला म्हणत जा. नाग नदीच्या बाबतीत जमलंच आहे आपल्याला. तीच नाग पुढे कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी करत काकीनाड्याजवळ कोरिंगा अभयारण्यातल्या तिवरांपर्यंत जाते. बरीचशी माती गोसीखुर्दच्या धरणात बसते, पण हिरमुसू नका. विरघळलेली घाण कोणत्या धरणानं अडवलीय?

तिसरा: सुटीत मालवणला स्कूबा करा आणि पाणी गढूळ म्हणून बोटवाल्याशी भांडा. शेजाऱ्यांनी दिवाळीत हेच केलं. आल्यावर मलाच ऐकवलं, "अभयारण्य आहे म्हणतात, अन् दिसत काहीच नाही!" आहे ना, सागरी अभयारण्य, 1987 पासून आहे. पण अभयारण्याची हद्द नकाशावर असते, गढूळ पाण्याला ती कशी दिसणार? तिथल्या प्रवाळाच्या, म्हणजे पोवळ्यांच्या, पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याचं बहुतेक अन्न बनवतं, आणि त्याला ऊन लागतं. वर गाळ आला की ऊन गेलं. अंगावर बसलेली माती चिकट स्राव सोडून झटकण्यातच त्या जिवाची ताकद संपते. वरून खताचं पाणी आलं की बाहेरचं शेवाळ माजतं आणि पोवळ्यांची जागा बळकावतं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफला उसाच्या शेतांमधलं खत असंच भोवतंय. म्हणजे पोहणाऱ्यांवर कितीही पहारा बसवा, डोंगर खरवडणारा मोकळाच. मालवणच्या वरच्या अंगालाही कुणीतरी तुमच्यासारखाच ट्रॉली रिकामी करत असेल हो!

जाऊ द्या समुद्र, शेजारी. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नागेचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा तुमचा सोफा रस्त्यावर होता. फ्रिज आम्ही चौघांनी उचलला होता. त्या दिवशी साऱ्या जगाला शिव्या घातल्यात, आणि आज त्याच नाल्यात विटा टाकताय? लाज नाही वाटत? उद्या सकाळी मजूर लावा आणि काढा तो मलबा.