जुन्या लेन्सने कॅमेरा जळत नाही

'जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्याला लावणाऱ्यांनो सावधान!' या मथळ्याचा मजकूर तुमच्यापर्यंतही आला असेल. बेळगाव, चिकोडी, निपाणीकडच्या लग्नाच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपांतून फिरत फिरत तो आमच्या निपाणीच्या मामांच्या मोबाइलवर आला, आणि मामांनी पोराला दम भरला, "ती जुनी लेन्स लावू नको बघ, क्यामेरा जळतोय म्हणं." पोरगं मामांच्याच पेंटॅक्स के१००० या जुन्या फिल्म कॅमेऱ्याची लेन्स सोनीच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) डिजिटल कॅमेऱ्यावर चढवून झकास फोटो काढत होतं. अंधाऱ्या खोलीत हायपोच्या (फोटो पक्का करायच्या रसायनाच्या) वासात ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली, त्यांनाही हा मजकूर खरा वाटला. म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर डिलीट करून मोकळा झालो असतो.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या लेन्समधल्या करंटने सेन्सर (डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असतो तो भाग) जळतो. जुन्या काचेत किरणोत्सर्ग असतो, त्याने कॅन्सर होतो. लेन्सचं फंगस कॅमेऱ्यात उतरतं. अ‍ॅडॅप्टर (एका कंपनीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्यावर बसवणारं कडं) घेतला की कुठलीही लेन्स कुठेही बसते, पण फोटो धूसरच येतो, कारण जुनी काच डिजिटलला चालत नाही. तेव्हा या लेन्स मोडीत काढा.

करंटचं आधी बघू, कारण मामा त्यालाच घाबरले. के१००० सोबत यायची ती ५० मिमी एफ/२ लेन्स हातात घेऊन बघा. पितळ, अ‍ॅल्युमिनियम, काच, फोकसची रिंग, अ‍ॅपर्चरची (उजेडाचं भोक लहान-मोठं करणारी) रिंग आणि मागे एक छोटा लिव्हर. सेल नाही, वायर नाही, मोटर नाही. करंट येणार कुठून? पुढे १९८३ पासून पेंटॅक्सने 'ए' लेन्सच्या माउंटवर (कॅमेऱ्याला अडकणाऱ्या कड्यावर) काही टिकल्या दिल्या, पण त्याही नुसत्या खुणा आहेत. कुठे धातू लागतो आणि कुठे नाही, एवढं बघून कॅमेरा अ‍ॅपर्चर ओळखतो. लेन्स स्वतः वीज सोडत नाही. आणि खुद्द पेंटॅक्सचा २०२१ सालचा के-३ मार्क थ्री हा डिजिटल कॅमेरा घ्या. १९७६ साली बाजारात आलेल्या के१००० ची लेन्स त्याला थेट बसते, मध्ये अ‍ॅडॅप्टरही लागत नाही. सेन्सर जळत असता तर कंपनीने तेच माउंट इतकी वर्षं चालू ठेवलं असतं का?

मग ही अफवा आली कुठून? माझा संशय जुन्या फ्लॅशवर आहे. व्हिव्हिटार २८३ सारखे फ्लॅश आपल्याकडे स्टुडिओ-स्टुडिओत होते. त्यांतल्या जुन्या जपानी बनावटीच्या काही फ्लॅशचा ट्रिगर व्होल्टेज (फ्लॅश पेटवणाऱ्या संपर्कावरचा दाब) दोनशे व्होल्टच्याही वर जातो. फिल्म कॅमेऱ्यात नुसता यांत्रिक संपर्क होता, तो हे सहन करायचा. आजच्या कॅमेऱ्यात तिथे इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, आणि आयएसओ १०३३० या मानकात धरलेली मर्यादा २४ व्होल्टची आहे. असा फ्लॅश नव्या कॅमेऱ्याच्या हॉट शूवर (डोक्यावरच्या खाचेत) चढवला तर कॅमेरा खरंच मरू शकतो. म्हणजे इशारा देण्यासारखी वस्तू त्याच कपाटात होती, फक्त मजकूर लिहिणाऱ्याने बोट शेजारच्या खणाकडे दाखवलं. यातलं नुकसान असं की मामांनी लेन्स कुलपात घातली आणि फ्लॅश मात्र "घे, वापर" म्हणून पोराच्या हातात दिला. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती इथे.

सेन्सरला चटका बसू शकतो तो उन्हाचा. मिररलेसमध्ये समोर आरसा नसतो, त्यामुळे सूर्याकडे तोंड करून लेन्स उघडी ठेवली तर अपाय होतो. पण तो नव्याकोऱ्या लेन्समधूनही तितकाच होतो. लेन्सला तिची टोपी लावावी, विषय संपला.

किरणोत्सर्ग. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या काही लेन्सच्या काचेत थोरियम आहे. सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ ची नंतरची आवृत्ती हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. अशी काच काळाने पिवळी पडते, आणि अल्ट्राव्हायलेट उजेडात किंवा उन्हात ठेवली की बरीचशी निवळते. पण थोरियम सगळ्या जुन्या लेन्समध्ये नाही, निवडक मॉडेलांत आहे. आणि आपल्या भागात वराती निघायच्या त्या गॅसबत्त्यांच्या उजेडात. त्या बत्त्यांच्या मेंटलमध्येही थोरियमच असायचं. त्या बत्त्या डोक्यावर घेऊन माणसं गावभर चालली, तेव्हा कुणी सावधान म्हटलं नाही. अशी लेन्स उशाला घेऊन झोपू नका, तिची काच फोडून पूड करू नका. फोटो काढायला काही हरकत नाही.

फंगसचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्याने बघितलाय, त्याला चामड्याच्या पाकिटात ठेवलेल्या लेन्सचं काय होतं ते सांगायला नको. बेळगाव शहरातही जून ते सप्टेंबर कपाटातल्या बुटांना लव येते. पण कारण कोणतं, ते नीट समजून घ्या. झाइस या जर्मन कंपनीने याबद्दल स्पष्ट लिहून ठेवलंय: सापेक्ष आर्द्रता किमान ७० टक्के आणि तीही तीन दिवसांपेक्षा जास्त, हवा खेळती नाही, अंधार, १० ते ३५ अंश तापमान, आणि खायला धूळ, कापडाचे तंतू किंवा तेलकटपणा. एवढं जुळून आलं की फंगस वाढतं. त्याचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. बंद ट्रंकेत नवी लेन्स ठेवा, तिलाही लागेल. लेन्समधून उडी मारून ते सेन्सरवर जात नाही. तरी फंगस लागलेली लेन्स चांगल्या लेन्ससोबत एकाच डब्यात ठेवू नये, मीही ठेवत नाही. फंगसच्या आम्लाने कोटिंग खाल्लं असेल तर साफ करूनही डाग राहतात. चामड्याची पाकिटं काढून टाका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवा, अधूनमधून लेन्स बाहेर काढून वापरा.

आता 'कुठलीही लेन्स कुठेही बसते'. बसते, पण चालते का? लेन्सच्या माउंटपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक ब्रँडचं वेगळं. पेंटॅक्स के चं ४५.४६ मिमी, सोनी ई चं १८. मधले २७.४६ मिमी अ‍ॅडॅप्टर भरून काढतो, म्हणून मामांची लेन्स पोराच्या कॅमेऱ्यावर ठणठणीत चालते. निकॉनच्या डीएसएलआरचं (आरसेवाल्या डिजिटल कॅमेऱ्याचं) अंतर ४६.५. म्हणजे पेंटॅक्सची लेन्स मुळातच एक मिलिमीटरहून जास्त पुढे जाऊन बसते. अ‍ॅडॅप्टरची जाडी शून्य धरली तरी ५० मिमीची लेन्स इन्फिनिटीला (सगळ्यांत दूरच्या फोकसला) ठेवून साधारण अडीच मीटरपर्यंतच फोकस होईल. नवरी स्पष्ट येईल, मांडव धूसर. लांबवरचा राजहंसगड किल्ला तर विसराच. मध्ये काच असलेले अ‍ॅडॅप्टर मिळतात, त्यांनी इन्फिनिटी परत येते, पण स्वस्तातली काच फोटो पातळ करते. कुणीतरी हा प्रयोग केला असणार आणि खापर लेन्सवर फोडलं असणार. निकॉनचाच झेड मिररलेस असेल तर अंतर १६ मिमी, काही अडचण नाही.

जुनी काच डिजिटलला चालत नाही, हेही तसंच. एफ/२ ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी असताना, कडा जरा मऊ येतात, भोक लहान करून एफ/५.६ ला तक्रारीला जागा उरत नाही. एपीएस-सी सेन्सरवर (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो तो) ५० मिमीची लेन्स ७५ मिमीच्या लेन्सइतकंच दृश्य दाखवते, पण लेन्स ५० चीच राहते. शिवजयंतीच्या मिरवणुकीत रात्री चित्ररथांचे चेहरे टिपायला हेच सोयीचं पडतं. ऑटोफोकस नाही, हे खरं. कडा रंगवून दाखवणारं पीकिंग चालू करा. शटर पडत नसेल तर मेनूतलं 'लेन्सशिवाय शटर' चालू करा, आणि स्टॅबिलायझरला (हात हलला तरी फोटो सावरणाऱ्या यंत्रणेला) फोकल लेंथ, म्हणजे इथे ५० मिमी, हाताने सांगा.

मजकुराच्या तळाशी एक मोबाइल नंबर आहे आणि ओळ आहे, 'जुन्या लेन्स योग्य भावात घेऊ'. ज्या लेन्सने कॅमेरा जळतो, कॅन्सर होतो, ती हा माणूस पैसे देऊन घरी नेणार! विकायचीच असेल तर आधी टॉर्च मारून काच बघा, अ‍ॅपर्चरच्या ब्लेडवर तेल उतरलंय का बघा, पुढच्या रिंगवरचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि त्याच नावाच्या लेन्सला दुसरीकडे काय मिळतंय ते विचारा. वजनावर देऊ नका.