‘सगळ्या शिकारीला एकच मॅग्नम’ : एका घातक सल्ल्याचा प्रतिवाद

शिकारीचा परवाना नुकताच मिळालेल्या माझ्या भाच्याने गेल्या आठवड्यात मला एक मजकूर पाठवला आणि खाली एवढेच विचारले, ‘मामा, मग .३०० विंचेस्टर मॅग्नमच घेऊ ना?’ तो मजकूर कितीतरी जणांच्या हातून फिरत त्याच्यापर्यंत आला होता. त्याचा आशय असा : ससा असो की मूससारखे अजस्र हरीण, सगळ्या शिकारीला एकच काडतूस पुरते आणि ते मॅग्नमच, म्हणजे जास्त दारूचे वेगवान काडतूसच असावे, काडतुसाची योग्यता त्याच्या ऊर्जेवर, म्हणजे फूट-पाउंडांच्या आकड्यावर ठरते, ऊर्जा भरपूर असली की गोळी कुठेही लागली तरी जनावर जागीच कोसळते, गोळीची बनावट हा कंपन्यांनी धंद्यासाठी माजवलेला बोलबाला आहे, मॅग्नमची गोळी इतकी सरळ जाते की चारशे यार्डांपर्यंत अंतराचा विचारच करावा लागत नाही, आणि गोळी झाडताना रायफलचा खांद्याला बसणारा धक्का हा निव्वळ मनाचा खेळ आहे. बनावटीला महत्त्व नसते याचा पुरावा म्हणून, लहान काडतुसाने शेकडो हत्ती मारणाऱ्या डब्ल्यू. डी. एम. बेल यांचे नाव पुढे केले आहे. यातले बहुतेक मुद्दे चुकीचे आहेत, एक तर सरळसरळ क्रूर आहे, आणि ज्याने अजून एकाही जिवंत जनावरावर नेम धरलेला नाही अशा मुलाने ते खरे मानावेत हे मला सहन होण्यासारखे नाही.

क्रूर मुद्दा आधी घेतो. ‘कुठेही लागली तरी कोसळते’ हे वाक्य ज्याने लिहिले त्याने जखमी जनावराचा माग कधी काढलेला नसावा. जनावर जागच्या जागी पडते ते मेंदू किंवा पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू निकामी झाला तरच. एरवी ते मरते रक्तस्रावाने, आणि त्याला वेळ लागतो. हृदय फुटले तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर ते काही सेकंद धावू शकते, आणि दोन्ही फुप्फुसांतून गोळी आरपार गेलेले हरीणही पन्नास-शंभर यार्ड जाऊन पडते. हा झाला उत्तम नेमाचा परिणाम. तीच गोळी एक वीत मागे लागली, म्हणजे पोटात लागली, की जनावर कित्येक तास जिवंत राहते. गोळी लागली त्या जागी जाऊन पाहिले की सगळे कळते : पानांवर फेसाळ, गुलाबी रक्त असेल तर गोळी फुप्फुसात आहे, रक्त थोडे, त्यात हिरवट-तपकिरी चोथा आणि आंबूस दुर्गंधी असेल तर ती जठरात किंवा आतड्यात आहे, आणि मग लगेच मागे धावायचे नसते, कारण पाठलाग सुरू झाला की ते जनावर उरलेल्या बळावर दूर निघून जाते आणि बहुतेक वेळा सापडतच नाही. काही तास थांबून मगच माग काढावा लागतो, आणि त्या काही तासांत ते जनावर काय भोगत असते हे मी इथे लिहीत नाही. आतड्यातून गेलेली गोळी .२४३ सारख्या लहान काडतुसाची होती की .३०० मॅग्नमची, याने त्या माग काढण्यात काहीही फरक पडत नाही. नेम चुकला तरी काडतूस सांभाळून घेईल असे नवशिक्याला सांगणे म्हणजे जो नेम त्याने सोडून द्यायला हवा तो घ्यायला त्याला भरीस घालणे आहे.

आता ऊर्जा. ऊर्जा काढताना वस्तुमान एकदाच, पण वेग वर्ग करून धरला जातो, म्हणून हलक्या आणि वेगवान गोळीचा आकडा फुगतो. .२२-२५० या लहान काडतुसाची ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक, सुमारे साडेपंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम) गोळी नळीतून सुमारे १,६५० फूट-पाउंड ऊर्जा घेऊन निघते. १८७३ सालच्या जुन्या .४५-७० काडतुसाची ४०५ ग्रेनची शिशाची गोळी सुमारे १,६०० घेऊन निघते. कागदावर पहिली सरस आहे. प्रत्यक्षात पहिली कोल्ह्याएवढ्या जनावरांसाठी आहे, आणि मोठ्या जनावराच्या खांद्यावर तिचे दोन-चार इंचांत तुकडे होतात. दुसरीने एकोणिसाव्या शतकात बायसन मारले गेले. अमेरिकी सैन्याच्या लेटरमन संशोधन संस्थेत जखमांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा चालवणारे शल्यविशारद डॉ. मार्टिन फॅकलर यांनी १९८७ साली नेमका हाच गैरसमज खोडून काढला. चार अंश तापमानाच्या दहा टक्के जिलेटिनमध्ये, म्हणजे मांसाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या घट्ट जेलीत, गोळ्या झाडून त्यांनी दाखवून दिले की गोळी किती खोल जाते, किती पसरते आणि फुटते की अखंड राहते यावर जखम ठरते. सारखी ऊर्जा घेऊन आलेल्या दोन गोळ्या पूर्णपणे वेगळ्या जखमा करू शकतात. हे काम युद्धातल्या जखमांसाठी झाले होते हे खरे, पण स्नायू आणि हाडे यांच्यावर गोळी कशी वागते याचे नियम जनावरासाठी निराळे नसतात.

‘मग कायदे ऊर्जेचा आकडा का मागतात?’ असा प्रश्न त्या मजकुरात आहे, आणि त्यात थोडे तथ्य आहे हे मला मान्य करावे लागते. ऊर्जा सहज मोजता येते, म्हणून किमान मर्यादा ठरवायला ती सोयीची असते. पण ते कायदे पुरते वाचायला हवेत. इंग्लंडचा १९९१ चा हरणांविषयीचा कायदा १,७०० फूट-पाउंड मागतो, आणि त्याच दमात गोळी मऊ किंवा पोकळ टोकाची असलीच पाहिजे असेही सांगतो. स्वीडनमध्ये मोठ्या शिकारीसाठी ९ ग्रॅमच्या गोळीला १०० मीटरवर २,७०० जूल लागतात, पण गोळी १० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर २,००० जूल पुरतात. म्हणजे कायदाच म्हणतो की गोळी जड असेल तर ऊर्जा कमी चालेल. म्हणूनच १८९४ चे ६.५×५५ हे सौम्य काडतूस १५६ ग्रेनच्या लांब गोळीसह तिथे मूससाठी आजही वापरात आहे.

गोळीच्या बनावटीला ‘बोलबाला’ म्हणणाऱ्याला जॉन नॉस्लर यांची हकीकत ठाऊक असायला हवी होती. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीत त्यांच्या हातात .३०० एच अँड एच मॅग्नम होती, म्हणजे या मजकुराच्या हिशेबाने सगळे प्रश्न सुटलेले होते. पण चिखल वाळून कडक झालेल्या कातडीवर आणि जाड खांद्यावर त्या वेगवान गोळ्या वरच्यावर फुटल्या आणि आत पोचल्याच नाहीत. मॅग्नमचा वेगच तिथे नडला. त्यातून त्यांनी मध्ये तांब्याचा पडदा असलेली पार्टिशन गोळी बनवली, जिचा पुढचा भाग पसरतो आणि मागचा अखंड राहून आत शिरत जातो. आणि बेल यांचे उदाहरण तर मजकुराच्या उलटच साक्ष देते. ७×५७ ने हत्ती मारताना ते पूर्ण आवरणाची, न पसरणारी लांब गोळीच वापरत, हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदूची नेमकी जागा त्यांनी समजून घेतली होती, आणि त्यांचा नेम विलक्षण होता. ‘गोळी कोणतीही चालते’ आणि ‘नेम कुठेही चालतो’ ही दोन्ही विधाने त्यांच्या एका उदाहरणात खोटी ठरतात.

धक्का मनाचा खेळ आहे म्हणणाऱ्याने एक साधी परीक्षा करून पाहावी. जोडीदाराने नेमबाजाच्या नकळत मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादे दारू-पेटणी नसलेले रिकामे काडतूस मिसळावे. चाप ओढल्यावर फक्त ‘खट्’ आवाज येतो आणि नळीचे तोंड आपोआप खाली झुकते, डोळे मिटतात, खांदा पुढे येतो. हा झटका प्रत्येक गोळीच्या वेळी येत असतो, एरवी तो खऱ्या धक्क्यात लपतो एवढेच. साधारण आठ पाउंडांच्या रायफलमध्ये .३०-०६ या नेहमीच्या शिकारी काडतुसाचा धक्का सुमारे २० फूट-पाउंड असतो, .३०० मॅग्नमचा २५ च्या पुढे जातो आणि ६.५×५५ चा त्याच्या निम्म्यावर राहतो. दणकट माणसालाही हा झटका जडतो, आणि एकदा जडला की घालवायला फार दिवस लागतात.

सपाट मार्गाचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. दोनशे यार्डांवर नेम बसवलेल्या .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी चारशे यार्डांवर सुमारे दोन फूट खाली जाते; .३०० मॅग्नमची सुमारे वीस इंच. अंतर न मोजता नेम धरला तर दोन्ही गोळ्या हरणाच्या छातीखालून जातील, किंवा त्याहून वाईट म्हणजे पाय मोडतील.

एकाच काडतुसात बरेच भागते, हे अर्धे सत्य मात्र नाकारत नाही. १९०६ पासून चालत आलेल्या .३०-०६ मध्ये ११० पासून २२० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या मिळतात आणि लहान हरणापासून मूसपर्यंत ते काडतूस खरोखर पुरते. पण गोळीचे वजन बदलले की ती लागण्याची जागाही बदलते, म्हणून प्रत्येक वजनासाठी नेम पुन्हा बसवून पाहावा लागतो. सशाला ते लावले तर खायला काही उरत नाही, तिथे .२२ रिमफायर हे छोटे, हलके काडतूसच हवे. आणि आफ्रिकी म्हशीसारख्या धोकादायक जनावरासाठी अनेक देशांचे कायदे .३७५ इंच व्यासाच्या गोळीपासूनच सुरुवात करतात.

भाच्याला मी कळवले आहे की .३०८ किंवा ६.५×५५ घे, एकाच जड आणि भक्कम गोळीवर नेम बसव, मॅग्नमवर जे जास्तीचे पैसे गेले असते त्यांची काडतुसे आण आणि ती बसून, गुडघ्यावर व उभ्याने झाडून संपव. दोनशे यार्डांवर, टेकू न घेता, दहापैकी दहा गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात बसेपर्यंत जनावरावर रायफल उचलू नकोस, असेही मी त्याला स्पष्ट लिहिले आहे.